म्हातारपणाचा हप्ता कुणाच्या खांद्यावर?

मलकापुरात (शाहूवाडी तालुक्यातल्या, बुलढाण्याच्या किंवा कराडजवळच्या नव्हे) निवृत्त माणसं हल्ली एकमेकांना दोनच आकडे विचारतात: साखर किती आणि हप्ता किती. पहिला आकडा गोळी घेऊन, भात कमी करून, सकाळी आंब्याच्या रस्त्यानं चालून खाली येतो, निदान तसा समज आहे. दुसऱ्याचं तसं नाही. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला की माणूस चष्मा पुसून पुन्हा वाचतो, मुलाला फोन लावतो, एजंटाला शिव्या घालतो आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी भरून टाकतो. पुढच्या वर्षी आकडा आणखी चढलेला असतो.

हा हप्ता कमी कसा करायचा, यावर यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. त्यातले बरेच मार्ग खरे आहेत आणि त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. पण मला त्याच्या आधीचा एक प्रश्न छळतो. हप्ता कमी झाला म्हणजे नेमकं काय कमी झालं? पासष्टीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता होती तेवढीच राहिली. कोल्हापुरातल्या इस्पितळाचं बिलही तेवढंच राहिलं. मग हप्त्यातून वजा झालेला भार गेला कुठे? तो हवेत विरत नाही. कुणाच्या तरी खांद्यावर जातो. कधी आपल्याच, कधी मुलाच्या, कधी अनोळखी माणसांच्या, कधी सरकारच्या. खांदा कुणाचा, हे न पाहता हप्ता कमी करणं म्हणजे बांध सरकवून शेत मोठं झालं म्हणून आनंद मानण्यासारखं आहे.

गावात पैसे गोळा करायच्या तीन रीती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. यात्रेची वर्गणी घरटी असते. घरात दोन माणसं असोत की बारा, रक्कम एक. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की वर्गणी ऐपतीप्रमाणे होते. ज्याची उसाची तोड मोठी, त्यानं जास्त द्यायचं, आणि नाही दिलं तर चारचौघांत बोलणी खायची. पाणीपट्टी मात्र एकरावर. जो जितकं पाणी घेणार, तो तितके पैसे देणार. या तिन्ही रीती आपल्याला आपापल्या जागी न्याय्य वाटतात. यात्रेची वर्गणी एकरावर घेतली तर लोक हसतील, आणि पाणीपट्टी घरटी घेतली तर भांडणं होतील.

आजारपणाची वर्गणी यातल्या कोणत्या रीतीनं घ्यायची, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे.

खासगी किंवा सरकारी मालकीच्या विमा कंपनीकडून आपण स्वतः घेतो त्या पॉलिसीचा हिशेब पाणीपट्टीसारखा असतो. वय वाढलं की इस्पितळात जाण्याची शक्यता वाढते, म्हणून हप्ता वाढतो. भारतात १९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, पुढे खासगी कंपन्या आल्या, पण वयाच्या पायऱ्यांचं हे तत्त्व काही सुटलं नाही. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी चालवलेली सीजीएचएस योजना मात्र वय विचारत नाही. तिथे महिन्याची वर्गणी २५०, ४५०, ६५० किंवा १,००० रुपये, आणि ती ठरते वेतनश्रेणीवरून. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड तहहयात. म्हणजे ऐपतीप्रमाणे. ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा योजनेत तर किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःची आणि जोडीदाराची दवाखान्याची सोय चालू ठेवू शकतो. महिन्याला १० रुपये. साठीचा असो की ऐंशीचा, तेवढेच. ही झाली घरटी वर्गणी. आपल्याकडच्या कितीतरी निवृत्त गिरणी आणि कारखाना कामगारांना ही तरतूद कधी कुणी सांगितलेलीच नसते. अर्थात ईएसआयच्या दवाखान्यापर्यंत पोहोचणं आणि तिथे हवा तो उपचार मिळणं ही निराळी गोष्ट.

शेजारच्या कर्नाटकानं २००३ साली याहून धीट प्रयोग केला. डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना निघाली. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महिन्याला ५ रुपये, वर्षाला ६०. वयाची वरची मर्यादा ७५, पण तिच्या आत तरुण आणि म्हातारा यांची वर्गणी एकच. सरकारनंही त्यात पैसे घातले. पुढे वर्गणी वाढली, २०१८ मध्ये योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती निर्दोष होती असं म्हणायचं नाही. पण दुधाच्या डेअरीतून आणि सोसायटीतून आजारपणाची घरटी वर्गणी गोळा होऊ शकते, एवढं तिनं दाखवलं. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात दूध, साखर आणि कर्ज यांचा सहकार घराघरांत पोहोचला, तिथे ही कल्पना तितक्या जोमानं का रुजली नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता दुसरी बाजू. ती मी हलकी मानत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत राबणारा पंचविशीचा पोरगा महिन्याला पंधरा-अठरा हजार कमावतो. त्याच्या घरमालकाला शाळेतून निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळाली, महिन्याला चाळीस हजार पेन्शन आहे, वर महागाई भत्ता वाढतो, गावाकडे शेत आहे. या पोराच्या हप्त्यातून त्या घरमालकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हावं, हे न्यायाला धरून आहे का? म्हातारा म्हणजे गरीब आणि तरुण म्हणजे सुस्थितीतला, हे समीकरण आपल्या गावांत कितीतरी वेळा उलटं असतं. तेव्हा ‘ज्येष्ठांकडून जास्त पैसे घेणं हा अन्याय आहे’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८८ मध्ये ‘अॅम आय माय पेरेंट्स कीपर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. जात, लिंग, धर्म यांवरून भेद केला तर एका माणसाला जन्मभर कमी मिळतं आणि दुसऱ्याला जन्मभर जास्त. वयाचं तसं नाही. जगलो तर आपण सगळेच तिशीतून जातो आणि सत्तरीतूनही. त्यामुळे वयानुसार वेगळी वागणूक मिळाली तरी सबंध आयुष्याचा ताळा मांडल्यावर माणसामाणसांत भेद उरतोच असं नाही. म्हणून प्रश्न ‘तरुण विरुद्ध म्हातारे’ असा मांडू नका, म्हणतात डॅनियल्स. तो असा मांडा: एकाच माणसानं स्वतःचं सबंध आयुष्य समोर ठेवलं, तर कोणत्या वयात किती भार घेणं त्याला शहाणपणाचं वाटेल?

शहाणा माणूस काय करेल हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. हातपाय चालतात तोवर थोडं जास्त टाकायचं, म्हणजे ते थकल्यावर कमी लागेल. जर्मनीत खासगी आरोग्य विमा काढणाऱ्याच्या बाबतीत कायद्यानं हेच होतं. तरुणपणी त्याच्याकडून जोखमीपेक्षा जास्त हप्ता घेतात आणि तो वरचा पैसा म्हातारपणासाठीची गंगाजळी म्हणून बाजूला ठेवतात. तिथेही हप्ते वाढतात, निवृत्त लोक कुरकुरतात, पण निदान विचार आयुष्याचा असतो.

आपल्या पॉलिसीचा विचार वर्षाचा असतो. चाळिसाव्या वर्षापासून पंचवीस वर्षं न चुकता हप्ता भरलेला आणि दोनदाच क्लेम केलेला माणूस पासष्टाव्या वर्षी कंपनीच्या तक्त्यात पासष्टीच्या इतर कुणाहीसारखाच एक असतो. पंचवीस वर्षांच्या पैशाचं काय झालं, असं विचारलं तर उत्तर मिळतं की त्या-त्या वर्षी तुम्हाला संरक्षण मिळालं, हिशेब तिथेच संपला. उत्तर खोटं नाही. तरुणपणी त्याला हप्ता स्वस्त पडला, तो म्हाताऱ्यांचा भार त्याच्यावर नव्हता म्हणूनच. पण हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. उलट ‘आत्ता घ्या, म्हातारपणी कामाला येईल’ असंच म्हणून पॉलिसी विकली गेली. माझ्या मते अन्याय आहे तो इथे. पासष्टीनं तिशीपेक्षा जास्त भरावं यात नाही. विकताना आयुष्याचा शब्द द्यायचा आणि हिशेब वर्षाचा ठेवायचा, यात आहे. या कराराला स्मरणशक्ती जवळपास नाहीच. जी आहे ती प्रतीक्षाकाळापुरती आणि नो क्लेम बोनसपुरती, आणि बोनसला आठवतात ते फक्त आजारी न पडलेले.

तर आता हप्ता कमी करण्याच्या वाटा. प्रत्येक वाटेवर भार कुठे जातो ते बघत जाऊ.

सगळ्यांत रुळलेली वाट खोलीच्या भाड्याची मर्यादा स्वीकारण्याची. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला दिवसाला एक टक्का म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा. ती घेतल्यानं वर्षाला पाच-सहा हजार वाचले. मग वेळ आली, इस्पितळात ६,००० ची खोलीच मोकळी होती, पाच दिवस राहावं लागलं. माणसाला वाटतं, वरचे ३,००० रोज आपण भरू, पंधरा हजारांचा प्रश्न. पण अशा पॉलिसीत खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते १,२०,००० झाले असतील तर निम्मे, ६०,००० तुमचे. औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेल्या वस्तू आणि आयसीयू यांना ही कात्री लागत नाही, एवढीच सवलत. भार कुठे गेला? घरच्यांच्या खिशावर, आणि तोही अशा घटकेला, जेव्हा मुलगा काउंटरपाशी उभा आहे आणि बाप आत आहे. कमी खोलीत राहायची मनाची तयारी असेल तर ही वाट वाईट नाही. पण ती तयारी रुग्णाची असून भागत नाही. ‘बाबांना जनरल वॉर्डात ठेवलं’ असं नातेवाईक म्हणतील, या धास्तीनं मुलं वरची खोली घेतात. आपल्याकडे खोलीचं भाडं भावकी ठरवते.

दुसरी वाट सहभागाची, म्हणजे प्रत्येक बिलातले दहा-वीस टक्के आपण देण्याची. सगळ्या कंपन्यांना ठरावीक रूपात विकावी लागणारी आरोग्य संजीवनी ही पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आली. तिच्यात पाच टक्के सहभाग आहे आणि खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये अशी मर्यादा आहे. साधी पॉलिसी हवी असेल तर सुरुवात तिच्यापासून करावी, असं मी कुणालाही सांगेन.

तिसरी वाट सुपर टॉप-अपची. वर्षातले पहिले तीन लाख आपण किंवा दुसऱ्या पॉलिसीनं सोसायचे, त्याच्या वरचं कंपनी देणार. हप्ता बराच खाली येतो, कारण तीन लाखांच्या वर जाणारी बिलं कमी असतात. हिशेबानं ही सर्वांत शहाणी वाट. मात्र ती त्याच्यासाठीच, ज्याच्याकडे तीन लाखांची एफडी मोडायला तयार आहे. ज्याच्याकडे ती नाही, त्याला स्वस्त विमाही नाही. स्वस्ताई विकत घ्यायलाही आधी पैसा लागतो.

महिन्याच्या हप्त्याचंही असंच. वर्षाचे ४८,००० एकदम काढायचे म्हणजे पोटात गोळा येतो, म्हणून ४,००० महिन्याला बरे वाटतात. पण हप्ता चुकला तर वर्षाच्या पॉलिसीला ३० दिवसांची सवड असते, महिन्याच्या पॉलिसीला १५ दिवसांची. आणि मध्येच क्लेम आला तर त्या वर्षाचे उरलेले हप्ते एकदम द्यावे लागतात. भार कमी होत नाही, त्याचे तुकडे होतात.

मग पत्त्याची वाट. अनेक योजनांत शहरांचे झोन पाडलेले असतात. मुंबई-पुणे वरच्या झोनमध्ये, कोल्हापूरसारखी ठिकाणं खालच्या. आमच्याकडची कितीतरी जोडपी वर्षातले सहा महिने पुण्याला मुलाकडे नातवंडं सांभाळतात आणि पावसाळ्यानंतर घर उघडायला मलकापूरला येतात. आधारवरचा पत्ता मलकापूरचा, म्हणून हप्ता खालच्या झोनचा. ही लबाडी आहे का? कायद्यानं नसावी, घर खरंच इथे आहे. पण खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या शहरात उपचार घेतले तर काही पॉलिसी बिलातला हिस्सा रुग्णावर टाकतात, आणि तो नियम मला अन्याय्य वाटत नाही. इथल्या दरानं भरून तिथल्या दरानं घ्यायचं, हे पाणीपट्टी माळाची भरून पाणी मळ्याला घेण्यासारखं झालं. जिथे उपचार घेणार तिथला झोन घ्यावा. महाग पडेल, पण बिल आल्यावर कुणाशी हुज्जत घालावी लागणार नाही.

यानंतरची वाट न सांगण्याची. फॉर्मवर ‘मधुमेह आहे का’ या प्रश्नासमोर ‘नाही’ची खूण. ‘गोळी चालू आहे, पण कंट्रोलमध्ये आहे, लिहू नका’ असा सल्ला एजंटाकडून फुकट मिळतो. एप्रिल २०२४ पासून नियम असा की सलग ६० महिने हप्ते भरले की कंपनीला माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. हे संरक्षण विसरभोळ्या, प्रामाणिक माणसासाठी आहे. काहींनी ते पाच वर्षं दम धरायचं वेळापत्रक म्हणून वाचलं.

‘कंपनी आपल्याला लुटते, मग आपण थोडं लपवलं तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद पारावर जोरात चालतो. त्यात चूक ही की लपवलेला भार कंपनीवर फारसा पडतच नाही. कंपनी पुढच्या वर्षी त्या गटाचा हप्ता वाढवते आणि भार त्याच गटातल्या इतरांवर जातो. इतर म्हणजे कोण? आपल्यासारखेच साठी-पासष्टीचे, ज्यांनी फॉर्मवर ‘हो, मधुमेह आहे’ असं लिहिलं आणि त्याबद्दल जास्तीचा हप्ता मुकाट्यानं भरला. खोटं बोलणारा विमा कंपनीला नाही, पारावर शेजारी बसलेल्या खऱ्या माणसाला फसवतो. आता सगळी माहिती आपण उघडी करायची आणि कंपनीचे तक्ते मात्र आपल्याला न कळणारे, हे असमान आहेच. पण त्याचं उट्टं शेजाऱ्याकडून काढता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला (त्यावर पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं), त्यात पासष्टीपुढच्या माणसांना आरोग्य विमा का मिळत नाही याचा उल्लेख आहे. कारण असं: हप्ता वाढला की सुदृढ माणसं सोडून जातात, आजारी टिकून राहतात, उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, म्हणून हप्ता आणखी वाढतो, म्हणून आणखी काही सुदृढ जातात. सकाळी पाच किलोमीटर चालणारा बासष्टीचा माणूस ‘मला नको’ म्हणून बाहेर पडतो, तेव्हा तो नकळत इतरांचं ओझं वाढवतो. त्याला दोष देता येत नाही. स्वतःच्या पेन्शनमधून परोपकार करण्याची सक्ती एकट्यादुकट्यावर करता येत नाही. ती करायची तर सगळ्यांवर एकदम, आणि त्यालाच कर म्हणतात.

आणि जो राहतो त्याला बाहेर जाण्याची वाट असते का? कागदावर असते. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते, पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ सोबत जातो. पण नवी कंपनी तपासून घेते आणि नाकारूही शकते. स्टेंट बसलेल्या अडुसष्टीच्या माणसाला कोण घेणार? जुनी कंपनी त्याला आजारपणामुळे काढू शकत नाही, नवी त्याला घेत नाही. म्हणजे तो ग्राहक राहिला नाही, अडकलेला माणूस झाला. म्हणूनच विमा नियामकानं ३० जानेवारी २०२५ रोजी घातलेला निर्बंध मला पटतो: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल. ज्याला दुकान बदलता येत नाही, त्याच्याशी बाजाराच्या नियमानं वागता येत नाही. पण दहा टक्के म्हणजे किती हेही बघा. आजचे महिन्याचे ४,००० दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढले तर सात वर्षांत ७,८०० च्या घरात जातात, दहा वर्षांत दहा हजारांच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, हा दिलासा खरा. पण तो एकदाच मिळणारा. वाढ दरवर्षीची. मास्तरांच्या पेन्शनला महागाई भत्ता लागतो. कारखान्यातून किंवा एसटीतून निवृत्त झालेल्याची ईपीएफची पेन्शन आहे तिथेच राहते, आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये आहे. पारावरच्या एकाच बाकावर हे दोघं बसतात आणि वय सारखं म्हणून हप्ताही सारखा भरतात. एकरावरच्या पाणीपट्टीचं हेच खरं रूप. ती वय बघते, माणूस बघत नाही.

‘मग सरकारी योजना आहेत की,’ असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आणि आता तिच्यात पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळे आले, संरक्षण पाच लाखांचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबाला पाच लाख. तरीही अठ्ठावन्नला निवृत्त झालेला माणूस महिन्याला चार हजार का भरतो? काही आजार यादीत बसत नाहीत, हे एक. पण खरं कारण वेगळं आहे, असं मला वाटतं. मलकापूरहून कोल्हापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. तिथे पोहोचल्यावर कुठल्या दारात गाडी लावायची हे स्वतः ठरवता यावं, ‘योजनेचा पेशंट’ या शब्दातला सूर ऐकावा लागू नये, यासाठी तो हे पैसे भरतो. उपचार सरकारकडूनही मिळतील; हप्ता भरून तो मान विकत घेतो. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात आणि योजनेतल्या खाटेवर तो मान मिळू लागला, तर अर्ध्या लोकांचे हप्ते आपोआप कमी होतील.

खांद्यांचा हिशेब करताना एक खांदा सगळ्यात शेवटी आठवतो, कारण तो बोलतच नाही. हप्ता परवडेनासा झाला की घरात पहिली काट कुणावर पडते? नवरा-बायकोची एकत्र पॉलिसी असेल तर हप्ता ठरतो वयानं मोठ्या असलेल्याच्या, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या वयावर. मग एजंट सुचवतो, वेगळ्या करा, स्वस्त पडेल. वेगळ्या होतात. दोन वर्षांनी दोन्ही झेपत नाहीत, आणि ती म्हणते, ‘अहो, मला काय धाड भरलीया? तुमचा तेवढा भरा.’ त्याला ते ऐकून बरं वाटतं आणि तो भरतो. ज्या बाईनं पंचवीस वर्षं गुडघेदुखीला बाम चोळला, अंगावरून जास्त गेलं तरी डॉक्टर टाळला, तिची तपासणी झालेली नसते म्हणून तिला आजार नसतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आईबापांच्या पोटगीत औषधोपचार धरले आहेत, तो मुलांना बांधतो. नवऱ्याच्या मनातल्या या हिशेबाला कुठला कायदा पोहोचणार? खोली, झोन, सहभाग या साऱ्या तडजोडी माणूस स्वतःपुरत्या करतो. ही एकच तडजोड दुसऱ्याच्या शरीरावर होते, आणि ती ‘तिनंच सांगितलं’ म्हणून. हप्ता कमी करायचा असेल तर दोघांची रक्कम सारखी उतरवावी. ती नको म्हणाली, तरीही.

ओळखीतल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरनं तसं केलं. स्वतःची पाच लाखांची पॉलिसी तीन लाखांवर आणली, बायकोची तीन लाखांची वेगळी घेतली, तिची बीपीची गोळी फॉर्मवर लिहून. हप्ता पूर्वीपेक्षा महिन्याला आठशेनं वाढला. पेन्शन वाढलेली नाही, मग हे आठशे कुठून, असं विचारलं तर म्हणाला, डेअरीचं दहा दिवसांचं बिल येतं की. घरी दोन म्हशी आहेत. वैरण तो आणतो. शेण, धार आणि पहाटे साडेपाचला डेअरीला दूध घालणं बायकोकडे आहे.